नायिका ते आई : मधली वर्षं अभिनेत्री कशावर काढतात?

चौथी_रांग

गेल्या रविवारी आईसोबत 'सुजाता' पाहत होते. सुलोचनाबाई त्यात नूतनला सांभाळणाऱ्या आईच्या भूमिकेत आहेत. आई मध्येच म्हणाली, "या दोघींच्या वयात फार अंतर नसणार बघ." शोधलं तर खरंच. सुलोचना लाटकर १९२८च्या, नूतन १९३६ची, चित्रपट १९५९चा. तिशीतली बाई बाविशीतल्या मुलीची आई झाली होती. आणि त्याच्या सहाच वर्षं आधी, १९५३ साली, 'वहिनींच्या बांगड्या' हा चित्रपट तिच्या जिवावर उभा होता.

मग रीमाताई लागू आठवल्या. जन्म १९५८. 'मैंने प्यार किया' आला तेव्हा त्या ३१ वर्षांच्या आणि सलमान खान त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. पुढे दहा वर्षांनी 'वास्तव'मध्ये त्या संजय दत्तची आई झाल्या. संजय दत्त १९५९चा. एक वर्ष! 'पुरुष' आणि 'सविता दामोदर परांजपे' ज्यांनी गाजवलं त्या या बाई.

तेव्हापासून मनात घोळतंय ते इथे लिहिते. नट चाळिशीतही नायक असतो आणि पन्नाशीत भारदस्त म्हणवला जातो. नटी मात्र नायिका असते आणि एका सकाळी आई असते. मधली दहा-पंधरा वर्षं, म्हणजे माणसाला अभिनय खऱ्या अर्थाने कळायला लागतो ती वर्षं, तिच्यासाठी कुणी लिहिलेलीच नसतात. मग ज्या टिकल्या त्या कशावर टिकल्या?

मी आठवत गेले आणि प्रत्येकीच्या पायाखाली दुसरी एक फळी दिसत गेली. रीमाताई युनियन बँकेत नोकरीला होत्या. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका. भक्ती बर्वे आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर. स्मिता तळवलकर तर १७ वर्षं दूरदर्शनवर बातम्या देत होत्या आणि पुढे निर्मितीत उतरल्या. आपण त्यांच्या अभिनयावर भरभरून बोलतो, या फळीबद्दल चरित्रात एक ओळ असते. मला वाटतं त्या ओळीवरच सगळं तोललेलं आहे. महिन्याच्या १ तारखेला पगार येत होता म्हणून त्या वाईट भूमिकेला नाही म्हणू शकल्या.

तुमची निरीक्षणं वाचायला आवडतील. या क्षेत्रातलं कुणी इथे असेल तर फारच छान.

जुनी_तबकडी

विषय जवळचा आहे, म्हणून थोडा मागे जातो.

'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना तारामती करायला बाई मिळाली नाही आणि अण्णा साळुंके उभे राहिले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वर्षी, १९१३ मध्येच, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लहानगी लेक कमला मोहिनी झाली, हे कमी सांगितलं जातं. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन लेकीला घेऊन नाटक कंपनीत आलेल्या. म्हणजे पडद्यावरची पहिली मराठी बाई ही पोट भरायला आलेली एकटी आई होती. कमलाबाईंनी पुढे रंगमंचावर पुरुषभूमिकाही केल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू.

नाटकात तर बाईला मान मिळायला त्याहून वेळ लागला. बालगंधर्वांचा शालू आणि त्यांची चाल पाहून घरोघरच्या बायका नटायला शिकत होत्या, आणि खऱ्या बाईने रंगमंचावर उभं राहणं मात्र कुलीन समजलं जात नव्हतं. १ जुलै १९३३ला नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणलं. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. तिथून प्रतिष्ठित घरातल्या मुलींना वाट मिळाली.

चौथी_रांग, तुमच्या फळीच्या मुद्द्याला माझी भर अशी की सगळ्यात पक्की फळी दुर्गा खोट्यांनी घातली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' केला. तरुणपणीच वैधव्य आलं, दोन मुलं पदरात. पुढे त्या पन्नास वर्षं काम करत राहिल्या आणि १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. पण त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्थाही काढली होती, लघुपट आणि जाहिरातपट करणारी. दूरदर्शनवरची 'वागळे की दुनिया' ही दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. पुढे आपल्याला कोण घेईल याची वाट पाहत बसावं लागणार नाही, एवढी तजवीज त्यांनी करून ठेवली.

आणि शांता आपटे! त्यांच्यावर स्वतंत्र धागा हवा. १९३७ साली 'कुंकू'मध्ये त्या जरठ-कुमारी विवाह धुडकावून लावणारी नीरा करतात. दोन वर्षांनी प्रत्यक्षात त्याच बाई पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसतात. कंपनीशी असलेल्या करारावरून वाद होता. आणि १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहितात, सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना धंद्याची आतली बाजू सांगणारं. पंचविशीही पूर्ण झालेली नव्हती तेव्हा. आज एखाद्या अभिनेत्रीने असं काही लिहिलं तर आपण तिला धाडसी म्हणू. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, प्रश्न तोच आहे.

हिशेबनीस

धागा चांगला आहे, पण एका ठिकाणी अडतोय. नोकरीची फळी फक्त बायकांनाच लागली असं नाही. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन, काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. मराठी रंगभूमी कधीच कुणाचं घर चालवण्याइतकी श्रीमंत नव्हती. त्यामुळे हा मुद्दा स्त्री-पुरुषांपेक्षा मराठी बाजारपेठेच्या आकाराचा जास्त वाटतो.

चौथी_रांग

हिशेबनीस, मुद्दा बरोबर आहे आणि मी तो लिहायला हवा होता. पण नोकरी सोडल्यानंतर काय झालं ते बघा. अशोक सराफ 'अशी ही बनवाबनवी'त नायक होते तेव्हा, १९८८ मध्ये, ४१ वर्षांचे होते आणि आपल्याला ते जराही खटकलं नाही, आजही खटकत नाही. त्या काळातल्या विनोदी चित्रपटांतली चाळिशीची नायिका आठवून पाहा. मला आठवली ती सगळी नावं सासू, आत्या किंवा घरमालकीण निघाली. पुरुषाची नोकरी सुरुवातीची शिडी असते. पुढे ती काढून घेतली तरी चालते. बाईला ती मध्येच पुन्हा लागते.

दुसरं, डॉ. लागूंनी नाटकासाठी वैद्यकी सोडली, ही आपल्याकडे अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. तिशी ओलांडलेल्या बाईने नाटकासाठी नोकरी सोडली तर घरी पहिला प्रश्न येतो, मुलांचं कोण बघणार?

रियाजी

संगीत नाटकवाल्यांना विसरू नका. तिथे वयाचं गणित वेगळं होतं, कारण प्रेक्षक कानाने बघायचा. जयमालाबाई आणि कीर्ती शिलेदार यांचे प्रयोग ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. सुभद्रा किती वर्षांची आहे हे कुणी मोजत नव्हतं, तान कशी येते ते बघत होते. 'कट्यार काळजात घुसली'मधल्या झरीनेमुळे फैयाज घराघरात पोचल्या, आणि त्यांच्याकडे गाणं होतं म्हणून नाटक नसतानाही त्या रिकाम्या नव्हत्या. लावणी, गझल, मैफल, सगळं होतं. पुढे २०१५च्या बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, २०१८ला मुलुंडला कीर्तीताई.

गळा ही सुद्धा फळीच. आणि ती वयाबरोबर पिकते. कॅमेरा मात्र क्लोजअपमध्ये येऊन सुरकुती मोजतो. माझ्या मते नायिकेचं आयुष्य आखूड केलं ते कॅमेऱ्याने. चौथ्या रांगेतून सुरकुती दिसत नाही हो.

मेकअपरूम

मी वाचनमात्र असते, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. १८ वर्षं व्यावसायिक नाटकात आहे. नाव सांगत नाही. नायिका कधीच नव्हते. नायिकेची मैत्रीण, मग वहिनी, आता काकू.

बाहेरच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते, म्हणून आधी ती सांगते. नाटकात आम्हाला 'नाइट' मिळते. म्हणजे प्रयोग झाला तर त्या प्रयोगाचे पैसे. तालमीचे बहुतेक ठिकाणी काहीच नाहीत, महिना-सव्वा महिना फुकट. पावसाळ्यात प्रयोग कमी होतात, परीक्षांच्या दिवसांत कमी होतात, निवडणुका आल्या की नाट्यगृहं सभांना जातात. प्रयोग रद्द झाला तर नाइट नाही. सुपारीचे, म्हणजे कुणी आधीच ठरावीक रकमेला घेतलेले, प्रयोग मिळाले तर ते वर्ष बरं जातं. हे पुरुषांनाही तसंच आहे, मान्य. पण नाइट ठरते कशी? नाव कुणाच्या जिवावर बुकिंग खेचतं त्यावर. आणि जाहिरातीत वर नाव कुणाचं असतं ते पेपर उघडून बघा.

आता माझं. मुलगी झाली तेव्हा पाचव्या महिन्यापर्यंत प्रयोग केले. मग रिप्लेसमेंट आली. त्यात गैर काही नाही, नाटक थांबून कसं चालेल. निर्मात्यांनी शब्द दिला होता की परत ये, भूमिका तुझीच. चौदा महिन्यांनी फोन केला तर म्हणाले, आता ती मुलगी सेट झालीय, तुला पुढच्या नाटकात बघू. तेच नाटक पुढे आणखी दोन वर्षं चाललं. त्यातल्या नटाला त्याच काळात मुलगा झाला. त्याने दोन प्रयोग बुडवले आणि तिसऱ्याला पेढे घेऊन आला. मी त्याच्यावर रागावलेली नाही, तो चांगला मित्र आहे. फक्त तेव्हा कळलं की आमच्या दोघांच्या वाटा एकाच बसमधून जात असल्या तरी एक नव्हेत.

आणि दौरे. मी दौऱ्यावर दुपारनंतर पाणी पीत नाही. बसलेली सवय. तालुक्याच्या नाट्यगृहात स्वच्छतागृहाची अवस्था काय असते ते कलाकारांनी वर्तमानपत्रांत अनेकदा मांडलंय. नऊवारी नेसून तिथे जायचं म्हणजे काय ते बायकांनाच विचारा. तिशीत मूतखड्याने दवाखान्यात होते. हे करिअरच्या चर्चेत का लिहितेय? कारण माझ्या बरोबरच्या दोघींनी याच एका कारणाने दौरे सोडले, आणि दौरे सोडले की व्यावसायिक नाटक सुटतं.

पान्हेरी

मेकअपरूम ताई, तुमचं लिहिणं वाचून विठाबाई नारायणगावकर आठवल्या. खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही हकिगत आपल्याकडे कौतुकाने सांगतात. कलेवरची निष्ठा म्हणून. मला मात्र ती ऐकताना दरवेळी वाटतं, त्या रात्री खेळ थांबवायला हवा होता.

कोल्हापूर_स्टुडिओ

आमच्याकडची बाजू मांडतो. माझे आजोबा जयप्रभा स्टुडिओत सुतारकाम करायचे, त्यामुळे घरात या गोष्टी ऐकतच वाढलो.

तमाशापटांनी मराठी नायिकेला एक वेगळा रस्ता दिला. 'सांगत्ये ऐका' (१९५९) घ्या. हंसा वाडकर त्यात नायिका, आणि जयश्री गडकर यांचं नाव त्याच चित्रपटाने झालं. जयश्रीबाई समूहनृत्यातून आलेल्या, मागच्या रांगेतून पुढे. तिथून थेट मराठीतली आघाडीची नायिका. आणि मग? 'रामायण' मालिकेत कौसल्या. त्याच मालिकेत ललिता पवार मंथरा.

ललिताबाईंचा प्रवास तर वेगळाच. त्या मूकपटांच्या काळापासूनच्या नायिका. १९४२ साली चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डोळा कायमचा अधू झाला. वय पंचवीस-सव्वीस. नायिकापण एका दिवसात गेलं. मग त्यांनी त्या डोळ्यालाच कामाला लावलं आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं खाष्ट सासू म्हटलं की त्यांचंच नाव निघत राहिलं. लोकांना मंथरा लक्षात राहते, मला 'अनाडी'मधली मिसेस डीसा जास्त लक्षात आहे. तिच्यात खाष्टपणाही आहे आणि मायाही. अशी भूमिका त्यांना आणखी दहा वेळा मिळायला हवी होती.

हंसाबाईंच्या वाट्याला ते स्थैर्यही आलं नाही. १९७१ मध्ये गेल्या, पन्नाशीही गाठली नाही. त्यांचं आत्मकथन 'माणूस' या नियतकालिकात आलं, मग त्यावरून 'भूमिका' झाला आणि स्मिता पाटीलना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका मराठी अभिनेत्रीचं आयुष्य दुसरीची सर्वोत्तम भूमिका झालं, याचं मला नेहमी वाईटही वाटतं आणि बरंही.

आणि रंजना. आमच्या घरात अजूनही तिला अरेतुरेच करतात, इतकी ती आपली होती. 'चानी', 'अरे संसार संसार', 'गुपचुप गुपचुप', 'बिनकामाचा नवरा'. एकाच बाईला रडवता येतं आणि हसवताही येतं, हे तिच्याइतकं फार थोड्या जणींनी दाखवलं. मला वाटतं, चौथी_रांग म्हणताहेत ती मधली वर्षं मराठी पडद्यावर कुणी जगून दाखवली असती तर तिने. १९८७ मध्ये 'झंझार'च्या चित्रीकरणाला जाताना अपघात झाला, पाय गेले. तेव्हा ती तिशीच्या थोडी पुढे होती. पुढे 'फक्त एकदाच' हे नाटक तिने केलं. २०००मध्ये गेली. आई वत्सला देशमुख अभिनेत्री, मावशी संध्या, घरात सगळं होतं. पण पाय गेलेल्या नायिकेसाठी कथा लिहावी असं त्या तेरा वर्षांत किती जणांना सुचलं?

हिशेबनीस

कोल्हापूर_स्टुडिओ, रंजनावरचा परिच्छेद वाचून थांबलो. माझा बाजारपेठेचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण तो अपुरा आहे हे मान्य करतो. बाजार लहान असला की त्यातलं लिखाणही मोजकं होतं, आणि मोजकं झालं की सगळ्यात आधी वगळली जाते ती पस्तिशीची बाई. असं काहीतरी आहे.

छबिलदासची_पायरी

लिखाणाचा मुद्दा आला म्हणून. जिथे लिहिणाऱ्याने ती बाई लिहिली तिथे काय झालं ते बघा. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे. अविवाहित, नोकरी करणारी, तिशीच्या पुढची. सुलभाताई स्वतः त्याच वयाच्या शिक्षिका होत्या ती भूमिका केली तेव्हा. पुढे १९७१ला अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासोबत त्यांनी आविष्कार ही नाट्यसंस्था काढली, आणि १९७४ पासून छबिलदास शाळेच्याच सभागृहात प्रायोगिक नाटकं सुरू झाली. म्हणजे नोकरीची जागा आणि नाटकाची जागा एकच. त्यांनी पोरांसाठी चंद्रशाला चालवली, 'दुर्गा झाली गौरी'सारखं बालनाट्य वर्षानुवर्षं होत राहिलं.

विजयाबाई मेहतांचंही तेच. १९६०ला रंगायन ही नाट्यसंस्था, मग दिग्दर्शन, मग शिकवणं. 'बॅरिस्टर', 'हमीदाबाईची कोठी', 'वाडा चिरेबंदी'. स्वतःला कुणी भूमिका देईल याची वाट बघण्याऐवजी त्यांनी दुसऱ्या अभिनेत्रींसाठी जागा तयार केल्या. सुहास जोशी, नीना कुलकर्णी, भक्ती बर्वे ही नावं त्यांच्या तालमीशी जोडलेली आहेत.

आत्ताच्या पिढीत मुक्ता बर्वेने 'कोडमंत्र'ची निर्मिती स्वतः केली आणि गणवेश चढवून स्वतः उभी राहिली. प्राजक्ता माळीने 'फुलवंती' केला २०२४ला. हा रस्ता दुर्गा खोट्यांचाच आहे.

वडसा_मंडई

मुंबई-पुण्याच्या बाहेरचं कोणी लिहीत नाही म्हणून आमचं लिहितो. मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. वडसा, म्हणजे देसाईगंज. आमच्याकडे दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात ती थेट होळीच्या आसपासपर्यंत. गावात मंडई (म्हणजे जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक. रात्री उशिरा पडदा उघडतो अन् पहाट होईतो चालते. नाट्यमंडळांची कार्यालयं वडशाला, तिथेच बुकिंग.

आमच्या नाटकात नायिका नागपूरकडून येतात, काही इथल्याच. सीझनमध्ये एकेक बाई रोज वेगळ्या गावात उभी असते. रात्रभर नाटक, सकाळी गाडीत झोप, संध्याकाळी पुन्हा तोंडाला रंग. चार-साडेचार महिन्यांत वर्षाची कमाई करायची. बाकीचे महिने कोणी शिवणकाम करते, कोणी ऑर्केस्ट्रात गाते, कोणी धानाच्या रोवणीला जाते. तुम्ही फळी म्हणता ती आमच्याकडे शिलाई मशीन आहे.

वयाचं म्हणाल तर आमचा प्रेक्षक जरा उदार आहे. आवाज खणखणीत असला अन् रडवता आलं की चाळिशीची बाईसुद्धा नायिका चालते. पण पन्नाशीनंतर हाल. सरकारची वृद्ध कलावंतांना मानधन द्यायची योजना आहे, पण तिथे पुरावे लागतात. कात्रणं, हँडबिलं, प्रमाणपत्रं. रातभर गावोगाव फिरणाऱ्या बाईने हँडबिलं जपून ठेवली नसतात. माझ्या मावशीची ट्रंक आम्ही दोन दिवस उपसली तेव्हा अकरा हँडबिलं सापडली. त्यातल्या सहांवर तिचं नाव चुकीचं छापलेलं होतं.

अर्धी_रजा

हा धागा दोन दिवस वाचतेय. शेवटी विचारतेच, कारण इथे लोक मनापासून बोलत आहेत.

मी ३६ वर्षांची. एका सहकारी बँकेत आहे. कॉलेजात असल्यापासून एकांकिका, मग राज्य नाट्य स्पर्धा, मग प्रायोगिक. गेल्या महिन्यात एका दैनंदिन मालिकेसाठी ऑडिशन दिली आणि निवड झाली. भूमिका नायकाच्या आईची. नायक करणारा मुलगा २७ वर्षांचा आहे. पैसे पर डे, माझ्या बँकेच्या पगारापेक्षा महिन्याचा आकडा बराच जास्त होतो. पण महिन्याचे वीस-बावीस दिवस द्यावे लागतील, म्हणजे नोकरी सोडावी लागेल.

त्याच वेळी आमच्या ग्रुपने एक नवीन नाटक घेतलंय. त्यात माझी भूमिका माझ्याच वयाच्या बाईची आहे. १५ वर्षांत असं पहिल्यांदा घडतंय. पैसे जवळजवळ नाहीतच.

काय करू?

मेकअपरूम

अर्धी_रजा, तुला अगं म्हणते, राग मानू नकोस.

आधी कोरडे प्रश्न. करारात किमान किती दिवसांची हमी लिहिली आहे? बावीस दिवस हे तोंडी आहे की कागदावर? ट्रॅक बदलला, टीआरपी पडला की आईला आधी गावाला पाठवतात. मग महिन्याचे चार दिवस उरतात आणि करार मात्र दुसरीकडे काम करू देत नाही. पैसे किती दिवसांनी? मालिकांत नव्वद दिवसांनी चेक यायचा रिवाज आहे. म्हणजे बँक सोडल्यावर पहिले तीन-चार महिने हातात काहीच नाही असं धरून चाल. शिफ्ट बारा तासांची म्हणतात, तुझं घर ठाण्याच्या पलीकडे असेल तर जाऊन-येऊन पंधरा. कॉस्च्युमचं कोण बघणार? आईच्या साड्या स्वतःच्या आणायला सांगतात काही ठिकाणी, तेही विचार.

आता भूमिकेबद्दल. ३६व्या वर्षी २७च्या मुलाची आई केलीस तर पुढची दहा वर्षं तुला आईच विचारतील. हे मी अनुभवाने सांगते. पण मी तुला नको असंही म्हणणार नाही. रोहिणीताई हट्टंगडींनी 'सारांश'मध्ये म्हातारी आई केली तेव्हा त्या तुझ्याहूनही लहान होत्या, आणि ती भूमिका केवढी होती. पुढे 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांहून जास्त भाग झाले त्यांच्या आशा देशमुखवर. आई करण्यात कमीपणा नाही. त्या आईला काही म्हणायचं आहे का, एवढं बघ. की ती फक्त ताट घेऊन उभी राहणार आहे?

जुनी_तबकडी

ताईंनी व्यवहाराचं सांगितलं, मी एकच आठवण जोडतो. आशालता वाबगावकर. 'मत्स्यगंधा'तली सत्यवती, 'गर्द सभोवती' म्हणणारी. २०२०च्या सप्टेंबरमध्ये साताऱ्याला मालिकेचं चित्रीकरण करताना त्यांना करोना झाला आणि त्या गेल्या. वय ७९. मला त्यांच्या शेवटापर्यंत उभं राहण्याचा आदर आहे. पण त्या वयात, त्या साथीत, कामावर असलेल्या सगळ्याच ज्येष्ठ कलाकारांची काळजी कोण घेत होतं हा प्रश्न तेव्हाही पडला होता. तुम्ही ३६च्या आहात, म्हणून आत्ताच सांगतो: भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्यविमा या दोन शब्दांना कला कमी लेखते, तुम्ही लेखू नका.

चौथी_रांग

अर्धी_रजा, मला या क्षेत्रातलं काही कळत नाही, मी फक्त तिकीट काढते. पण निवेदिता सराफ इतक्या वर्षांच्या विश्रांतीनंतर परतल्या आणि 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये त्यांनी उतारवयात पुन्हा लग्न करणारी आसावरी केली, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या बायका तासभर फोन उचलत नव्हत्या. म्हणजे अशी बाई बघायला आम्ही बसलेल्याच आहोत. तुमच्या वयाची तुमची भूमिका बघायला मी येईन. दिवस आणि नाट्यगृह कळवा.

वडसा_मंडई

ताई, नाटक केलंत तर हँडबिल जपून ठेवा. नाव बरोबर छापलंय का ते आधी बघा.

अर्धी_रजा

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाचं उत्तर दोन-दोनदा वाचलं. 'जाऊ मी सिनेमात?' ग्रंथालयात शोधायला सांगितलंय.

काय केलं ते सांगते. काल प्रॉडक्शनला फोन केला आणि मेकअपरूम ताईंनी दिलेले प्रश्न कागदावर लिहून एकेक विचारले. किमान दिवसांची हमी करारात नाही. नव्वद दिवसांचं खरं आहे. भूमिकेचा ट्रॅक काय विचारल्यावर पलीकडची मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, आई आहे मॅडम, आईचा ट्रॅक म्हणजे मुलाचं लग्न. मग मी सांगितलं की महिन्याचे बारा दिवस, तेही आधी कळवून, एवढं देऊ शकते. नोकरी सोडणार नाही. विचारून सांगते म्हणाली.

बँकेत मॅनेजर साहेबांना भेटले. तालमीच्या महिन्यात दुपारी चारला निघायची परवानगी अर्ध्या रजा टाकून मिळाली. माझ्या २६ रजा शिल्लक होत्या.

प्रॉडक्शनचा फोन अजून आलेला नाही. तालीम सोमवारपासून आहे, साडेसहाला. हँडबिलाचं मी स्वतः बघणार आहे.